आमच्या लॉरीचे दाजी

बंद पडलेल्या गाडीपाशी गेल्यावर कुठलाही माणूस आधी बोनेट उघडतो. आमचे दाजी आधी तोंड उघडायचे. लॉरीच्या पायरीवर बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, तळहातावर तंबाखू मळायला घ्यायचे आणि समोर जो कोणी उभा असेल त्याला विचारायचे, "शेवटची कुणी चालवली? काय भरलं हुतं? उभी कुठं केलती? कुणी हात लावला का?" माणूस पहिल्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर द्यायचा, तिसऱ्याला जरा चुळबुळायचा. तो चुळबुळला की दाजी तंबाखू ओठात सोडून उठायचे. "गाडी आपणहून बिघडत न्हाई, गड्या," ते म्हणायचे. "तिला कोणतरी बिघडवतंय. आधी तो माणूस हुडकायचा. पाना कुठं लावायचा ते मग त्योच सांगतोय."

एकदा यमाईच्या जत्रेला औंधाला जायचं म्हणून आमच्या म्हादू गड्यानं लॉरी हौसेनं धुतली आणि लॉरी हलेना. म्हादूनं धुतल्याचं कबूल केलं, पण नुसती बाहेरून, असं तो सांगत होता. दाजींनी त्याला विचारलं, "म्हादबा, धुतलीस लय झ्याक. आतनं धुतलीस त्येबी तसंच झ्याक असंल न्हवं?" म्हादू खूश होऊन म्हणाला, "व्हय की, झाकण उघडून चांगल्या दोन घागरी वतल्या." प्लगांना करंट वाटून देणारी काळी टोपी असते तिच्यात विहिरीचं पाणी साचलं होतं. दाजींनी ती काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, चुलीच्या उबेला धरली आणि परत बसवली. लॉरी सुरू झाली. ही गोष्ट घडली तेव्हा मी फौजेत होतो, लांब वाळवंटात. पण परत आल्यापासून ती मला इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली की घागरींचा आवाजसुद्धा मला पाठ झाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मूळचे पाटणकडचे. तरुणपणी कुंभार्ली घाटात चालणाऱ्या मोटारींवर क्लीनर होते आणि तिथंच गाडी शिकले. नात्यानं ते फक्त माझे दाजी. पण मी दाजी म्हणतो म्हणून शेजारी म्हणायला लागले, मग गडी, मग गाव. शेवटी तर खुद्द त्यांचे सासरे, म्हणजे आमचे आबा, त्यांना दाजी म्हणायचे. माझ्या वाट्याचं एक नातं होतं, तेही गावानं वाटून घेतलं.

लॉरीला लॉरी म्हणायचं ते आमच्या कौतुकानं. खरं तर ती कुठल्याशा संस्थानिकाकडून निघालेली जुनी मोटार होती. मागची बैठक कापून तिथं बाभळीचा लाकडी हौदा बसवलेला. आज त्याला पिकअप म्हणतील. आष्ट्याजवळच्या आमच्या गावातून गूळ भरून सांगलीच्या पेठेत न्यायला आबांनी ती घेतली होती. ती घेतली तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांचा होतो आणि तिच्यापायीच मी फौजेत गेलो. गाडी दुरुस्त करायला शिकून येतो आणि आपली लॉरी मीच चालवतो, असं आबांना सांगून गेलो. लढाईच्या दिवसांत घरात पोरगा नाही, शेतीला माणूस नाही. म्हणून आबांनी अक्काला आणि दाजींना बोलावून घेतलं. जावई सासऱ्याच्या घरी राहायला आला म्हणून गाव थोडं हसलं. दाजीही गावाबरोबर हसले आणि राहिले.

लढाई संपल्यावर मी सांगली स्टेशनावर उतरलो. फौजेनं मला गाड्यांच्या कामात तयार केलं होतं. वाळूनं भरलेली इंजिनं मी डोळे मिटून सोडवत होतो. स्टेशनाबाहेर आमची लॉरी उभी होती आणि तिच्याजवळ आबा. आबांनी मला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "यशवंता, लय वाळलास. बस माघारी. म्होरं दाजी चालवत्यात, त्येंच्या शेजारी मी." इतकी वर्षं मी ज्या जागेची स्वप्नं पाहिली ती जागा भरलेली होती. मी हौद्यात गुळाच्या रिकाम्या पोत्यांवर बसून गावात शिरलो. पुढून दाजींचं हसणं ऐकू येत होतं. आबाही हसत होते. माझ्या लहानपणी आबा दिवाळीला हसायचे, तेही आवाज न करता.

तिथून माझ्या पोटात जी आग पडली ती पडलीच. जेवायला बसताना आबांच्या उजव्या हाताला दाजींचा पाट. दुधावरची साय दाजींच्या ताटात. आई म्हणायची, "परक्याचं लेकरू हाय, आपल्या दारात राबतंय." दाजी जेवता जेवता म्हणायचे, "मामी, आज आमटीत काय घातलंया? माणूस भांडण इसरंल." आई पदरात हसायची. मीही एकदा आमटी चांगली झाली असं म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "बरं वाटत न्हाई का रं तुला?"

थंडीत लॉरी पहाटे उठायची नाही. हँडल मारून खांदा निखळायची वेळ यायची. त्यावर दाजींचा उपाय ठरलेला होता. प्लग काढून आणायचे आणि चुलीतल्या निखाऱ्यांच्या कडेला शेकत ठेवायचे. एका बाजूला भाकरी फुगायची, दुसऱ्या बाजूला लॉरीचे प्लग. "म्हातारं माणूस आन् जुनी गाडी," ते म्हणायचे, "पहाटंचं उठवायचं तर आधी उबीला न्यावं, मग हाक मारावी." वाळवंटातल्या गार पहाटे आम्हीही हेच करायचो. हा उपाय मलाही येत होता. एके दिवशी दाजींच्या आधी मी प्लग घेऊन स्वयंपाकघरात गेलो, तर आईनं चिमटा उगारला. "त्येल लागलेलं लोखंड चुलीत घालतोस? भाईर नेऊन ठेव." मी म्हणालो, "दाजी तर रोज ठेवतात." आई म्हणाली, "त्येंची गोष्ट येगळी." ती वेगळी कशी, हे त्या घरात मला कोणी समजावून सांगितलं नाही.

कुणाला वाटेल, दाजी कधी चुकतच नसतील. चांगले चुकायचे. पेट्रोल अजून परवान्यावर मिळायचं तेव्हाची गोष्ट. एकदा सकाळी लॉरी दोनदा खाकरली आणि गप्प झाली. दाजींनी पायरीवर बसून चौकशी मांडली. म्हादूला बोलावलं, शेजारच्या सुताराला बोलावलं, आदल्या दिवशी हौद्यात बसून आष्ट्याच्या बाजारातून आलेल्या दोन म्हाताऱ्यांनाही बोलावलं. सुतारानं हौद्यात खिळा मारल्याचं कबूल केलं. एका म्हातारीनं वाटेत हौद्याला पानाची पिंक लागल्याचं कबूल केलं. सगळ्यांनी सगळं कबूल केलं, पण लॉरी सुरू होईना. मी उठलो, टाकीचं झाकण काढून आत वेळूची काठी घातली आणि बाहेर काढली. काठी कोरडी ठणठणीत. मी ती काठी नुसती सगळ्यांसमोर धरली.

मला वाटलं, आज निकाल लागला. तर आधी हसायला लागले ते दाजीच. इतके हसले की पायरीवरून घसरले. मग म्हातारी हसली, सुतार हसला, आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर गाव ती गोष्ट सांगत होतं. म्हातारीची पिंक सांगायचे, सुताराचा खिळा सांगायचे, दाजी कसे घसरले ते करून दाखवायचे. काठी कोणी घातली हे त्यात कधी आलं नाही. माझी बरोबर आलेली गोष्ट कोणी सांगत नसे आणि त्यांची चुकलेली गोष्टसुद्धा माझ्या लग्नात सांगितली गेली.

लग्नाचं निघालंच आहे तर तेही सांगतो. औंधाच्या अलीकडे एका गावात आबांनी माझ्यासाठी स्थळ काढलं होतं. मुलगी पाहायला आबा, दाजी आणि मी असे तिघे लॉरीनं गेलो. शेवटच्या पल्ल्याला मी हट्टानं चाक हातात घेतलं. मुलीकडच्यांनी मला गाडी चालवत येताना पाहावं एवढीच इच्छा होती. दारात पोचल्यावर लॉरी वळवून मागं घेऊन झोकात लावावी म्हणून मागं घेतली. मागं कुठंतरी हलकासा धक्का बसला आणि इंजिन बंद झालं. नाहीतरी बंद करायचंच होतं, म्हणून मी खाली उतरलो.

आत पोहे झाले, चहा झाला. मुलगी येऊन बसली, नाव सांगून गेली. सुभद्रा. मला पसंत होती. पण सगळा वेळ बोलले ते दाजी. मुलीच्या वडिलांना बैलांबद्दल विचारलं, आजोबांना गुडघ्यांबद्दल विचारलं, तिच्या आईला पोह्यांतल्या खोबऱ्याबद्दल विचारलं. निघायची वेळ झाली तोवर त्या घराला दाजी जुने पाहुणे वाटायला लागले होते, आणि मी त्यांच्याबरोबर आलेला कोणीतरी.

आम्ही बाहेर आलो, मी हँडल मारलं. लॉरी धुसफुसली आणि गप्प झाली. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. ओटीवर मुलीकडची सगळी माणसं उभी, गल्लीत शेजारीपाजारी. दाजी पायरीकडे सरकले तसा मी म्हणालो, "दाजी, तुम्ही बसा. हे माझं काम आहे."

"बसतो की," ते म्हणाले, आणि ओट्यावर म्हाताऱ्या आजोबांशेजारी जाऊन बसले.

मी फौजेत शिकलो तसा क्रमानं लागलो. प्लग काढून पाहिला. ठिणगी निळी, जोरदार. पेट्रोलची नळी सोडली, धार चांगली. कार्ब्युरेटर उघडला, साफ होता. वायरी पाहिल्या, ठिणगी पाडणारे पॉइंट घासले. कशातच खोट नव्हती आणि लॉरी सुरू होत नव्हती. ठेवणीतलं पांढरं धोतर काळं झालं. मुलीचे वडील आबांना म्हणाले, "ऱ्हावा की आजच्या दिस, सकाळी बघता येईल."  आबांनी नुसतं ओट्याकडे पाहिलं. आबांची ती नजर मला ओळखीची होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

दाजी ओट्यावर आजोबांना विचारत होते, "अंगणाच्या कडंला हा बांध नवा घातला वाटतं?"

"परवाच घातला," आजोबा म्हणाले. "अजून वलाच हाय. हिकडची काळी माती म्हंजे लोण्यासारखी."

दाजी उठले, अंगण ओलांडून माझ्याजवळ आले. हँडल तपासल्यासारखं करून खाली वाकले आणि माझ्याच कानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "फौजी, धुराचं नळकांडं बघा. मी ह्या समद्यास्नी गोठ्याकडं नेतो." मग सरळ उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "पावणं, ह्याला जरा येळ लागणार. तुमचा त्यो खिलारी बैल दावतो म्हनला हुता, त्यो तरी बघू." आणि आबांसकट सगळा जथा घेऊन ते परसातल्या गोठ्याकडे गेले.

मी मागं गेलो. मीच मागं घेतलेली लॉरी बांधात घुसून जरा पुढं आली होती, आणि धूर बाहेर टाकणारं नळकांडं ओल्या काळ्या मातीनं ठासून भरलं होतं. धुराला वाटच नव्हती. इंजिन गुदमरत होतं. बाभळीच्या काटकीनं माती कोरून काढली, धोतराला हात पुसले आणि हँडल मारलं. पहिल्या झटक्याला लॉरी सुरू झाली. आवाज ऐकून मंडळी गोठ्यातून परत आली तेव्हा मी चाकावर बसलो होतो.

"फौजेत शिकलेला माणूस," मुलीचे वडील आबांना म्हणाले. "न्हाई कशी सुरू करणार?"

"आमच्यात गाडीतलं कळतंय ते ह्यास्नीच," दाजी म्हणाले. "आमी आपलं बोलून दिवस काढतो."

परतीच्या वाटेवर आबांनी मला सांगितलं, "तूच चालव." ते माझ्या शेजारी बसले. दाजी हौद्यात पोत्यांवर पडून कुठलंतरी जात्यावरचं गाणं बायकी आवाजात म्हणत होते. मला हवं ते सगळं त्या दिवशी मिळालं होतं. चाक मिळालं, आबा शेजारी होते, मुलीच्या घरी नाव झालं. आणि मी कधी नव्हे इतका जळत होतो. कारण ते मी मिळवलं नव्हतं. दाजींनी ते मला पोह्यांच्या बशीसारखं हातात दिलं होतं, आणि उपकार केल्यासारखं तोंडही केलं नव्हतं. उपकाराचं तोंड केलं असतं तर निदान रागवायला जागा राहिली असती.

लग्नानंतर काही महिन्यांनी मी सुभद्राला सहज विचारलं, "त्या दिवशी तू काय बघून हो म्हणालीस?" मला लॉरीच्या चाकावर बसलेला मी डोळ्यांसमोर दिसत होतो.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मी खिडकीत हुते. दाजी तुमच्या कानाशी लागले त्ये बघितलं, समद्यास्नी गोठ्याकडं नेलं त्येबी बघितलं. तुमी माघारी जाऊन माती काढली त्येबी. म्हनलं, ज्या घरातला जावई मेव्हण्याची लाज अशी झाकतोय, त्या घरात जायला काय हरकत हाय?"

म्हणजे माझी बायकोसुद्धा मला दाजींमुळे मिळाली. मी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

देश स्वतंत्र झाल्यावर एक-दोन वर्षांत पाटणला दाजींचे थोरले भाऊ वारले. तिथली जमीन बघायला कोणी उरलं नाही. दाजी आणि अक्का बैलगाडीत सामान भरून निघाले. आबा म्हणाले, लॉरीनं सोडून येऊ. दाजी म्हणाले, "नगं मामा. लॉरीनं गेलो तर लवकर पोचंन." वेशीपर्यंत सगळं घर गेलं. आई रडली, म्हादू रडला. माझ्या मनात मात्र त्या वेळी एक जागा मोकळी झाल्याची खुशी होती, ती काही मी लपवून ठेवणार नाही.

चाक आता माझं होतं. आबांच्या उजव्या हाताचा पाट माझा. दुधावरची साय आई माझ्या ताटात घालायला लागली. पण जेवताना कोणी बोलेना. आबा घास खाली बघून खायचे. मी लॉरीबद्दल सांगायचो, गुळाच्या भावाबद्दल सांगायचो, आबा "बरं" म्हणायचे. हसणं परत दिवाळीपुरतं झालं.

त्या थंडीत एका सकाळी लॉरी सुरू होईना. आबा घोंगडं पांघरून ओट्यावर येऊन बसले. मी बोनेट उघडलं. पॉइंटवर काजळी धरली होती. पॉलिश पेपरनं घासली, ती काळी टोपी परत बसवली, हँडल मारलं. इंजिन धडधडायला लागलं. आबांकडे पाहून म्हणालो, "झाली बघा."

आबा लॉरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दाजी असतं तर अजून तासभर लागला असता."

नुसते शब्द बघितले तर ते माझं कौतुक होतं. पण ते ज्या आवाजात म्हणाले त्यावरून कळलं, त्या तासासाठीच आबा घोंगडं पांघरून ओट्यावर आले होते. मी इंजिन बंद केलं नाही. म्हणालो, "आबा, लॉरी सुरूच आहे. पाटणला जाऊन..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आबा पटका आणायला घरात गेले होते.

पाटणच्या पुढे कोयनेच्या काठाला दाजींचं घर. दाजी हिवतापातून उठलेले, गालांची हाडं वर आलेली. आबांना बघून ते पायाच पडले. दोघं बोलत बसले ते उन्हं कलेपर्यंत. निघताना मी लॉरीपाशी उभा होतो तिथं दाजी आले. पायरीवर हात ठेवून म्हणाले, "फौजी, आता मामांच्या शेजारी तुमी बसता. बरं झालं."

"इतकी वर्षं तुम्हीच बसला होता," मी म्हणालो. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

दाजी हसले. "बसलो की. सांगलीला जाताना आन् येताना मामा काय बोलायचे ठाऊक हाय? यशवंता असं म्हनायचा, यशवंता तसं करायचा, यशवंता आला की ही गाडी बघा कशी पळंल. चाक माझ्या हातात आन् नाव तुमचं. रोजचं. घरजावई म्हनून गाव हसलं त्याचं मला कायबी वाटलं न्हाई. पर ह्या बोलण्यावर लय जळायचो बघा मी."

"कधी दिसलं नाही."

"कसं दिसंल? तवा तर मी मामास्नी हसवत बसायचो. त्येवढा येळ तरी तुमचं नाव निघायचं न्हाई."

 इतकी वर्षं कोणीतरी माझा हेवा करत होतं, आणि तोसुद्धा हाच माणूस, हे ऐकून मला काय वाटलं म्हणून सांगू. छाती भरून आली. मग आबांनी हाक मारली आणि मी गाडी काढली.

पुढच्या पावसाळ्यात ताप उलटला आणि दाजी गेले. अक्का पोरांना घेऊन तिथंच राहिली. लॉरी आणखी काही वर्षं चालली, मग हौदा मोडून त्याचं सरपण झालं. आबा गेले, आई गेली. गावात अजून कोणी म्हातारा पारावर म्हादूच्या दोन घागरींची गोष्ट काढतो, किंवा म्हातारीच्या पिंकेची. ते मला ऐकवत नाही. त्याला दाजींचं बोलणं नीट येत नाही, तंबाखू मळायचा हात येत नाही, पायरीवरून घसरणं तर मुळीच येत नाही. मग मी त्याला मधेच थांबवतो, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो आणि म्हणतो, "सरक जरा. दाजींची गोष्ट मी सांगतो."